तुम्ही विचारलंत म्हणून: मॅचला जाणं बंद केलं तर मालक ताळ्यावर येतो का?

प्रश्न साधारण असा येतो: "ओकलंडच्या लोकांना टीमचा मालक एवढा नकोसा झाला होता, तर त्यांनी मॅचला जाणंच का नाही सोडलं? गल्ला आटला की कुठलाही धंदेवाला ताळ्यावर येतो." विचारणारे बहुतेक फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे भागात राहणारे, आयपीएल बघत मोठे झालेले आणि आता बेसबॉलकडे वळलेले.

थोडक्यात उत्तर असं, की लोकांनी जाणं सोडलं होतं. 2022 साली ओकलंड अ‍ॅथलेटिक्सच्या, म्हणजे ए'जच्या, घरच्या मॅचना सरासरी दहा हजारसुद्धा लोक येत नव्हते. मालक जॉन फिशर यांचं त्यानं काही अडलं नाही. उलट 'लोकच येत नाहीत' हे शहर सोडायला आयतं कारण मिळालं. असं का झालं हे कळायला पैसा कुठून येतो ते बघावं लागतं.

मेजर लीग बेसबॉलमध्ये 30 संघ आहेत. देशभराच्या टीव्ही करारांचे पैसे या तिसांत सारखे वाटले जातात, टीम पहिली येवो की शेवटची. त्याशिवाय महसूल-वाटप आहे. तिकिटं, स्थानिक टीव्ही, स्टेडियममधली विक्री अशी जी स्थानिक कमाई होते, तिच्यातून स्टेडियमचा खर्च वजा करून उरलेल्यातले 48 टक्के प्रत्येक संघानं सामाईक खात्यात टाकायचे आणि ते खातं 30 जणांनी समान वाटून घ्यायचं. समजा एका टीमची ही कमाई 10 कोटी डॉलर आहे आणि लीगची सरासरी 20 कोटी. ती टीम 4.8 कोटी भरते आणि 9.6 कोटी उचलते.

आता तुमचा बहिष्कार मांडून बघा. तुम्ही 100 डॉलरचं तिकीट घेतलं नाहीत. त्यातले 48 डॉलर तसेही सामाईक खात्यात जाणार होते आणि त्यांचा तिसावा हिस्सा, 1 डॉलर 60 सेंट, मालकाकडे परत येणार होता. म्हणजे मालकाचे बुडाले 53 डॉलर 60 सेंट. बाकीचे 46 डॉलर 40 सेंट त्या 29 मालकांचे बुडाले, ज्यांच्यावर तुमचा काही राग नाही. शिवाय लीग बंद दाराची आहे. युरोपातल्या फुटबॉलसारखं तळाच्या टीमला खालच्या लीगमध्ये ढकलत नाहीत. 112 मॅच हरा, पुढच्या वर्षी जागा पक्की.

बरं, खर्चाची सक्ती तरी आहे का? आयपीएलच्या 2025 च्या लिलावात प्रत्येक फ्रँचायझीला 120 कोटी रुपयांची मर्यादा होती आणि त्यातले किमान 75 टक्के खर्च करणं भाग होतं. बेसबॉलमध्ये कमाल मर्यादाही नाही आणि किमानही नाही. वरच्या बाजूला एक कराची रेषा आहे. 2025 मध्ये ती 24.1 कोटी डॉलरवर होती. ती पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर 20 टक्के कर, लागोपाठ दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षी 50. खालच्या बाजूला रेषाच नाही. 2023 मध्ये ए'जचा सगळा पगारपट 6 कोटी डॉलरच्या आसपास होता, लीगमध्ये सर्वांत कमी.

वाटपातून आलेला पैसा खेळ सुधारण्यासाठी वापरावा असं खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारात लिहिलेलं आहे, पण ते सिद्ध करणं अवघड. फेब्रुवारी 2018 मध्ये संघटनेनं मार्लिन्स, पायरेट्स, रेज आणि ए'ज या चार संघांविरुद्ध याच मुद्द्यावर तक्रार केली होती. गंमत पुढे आहे. 2024 संपता संपता याच काटकसरी ए'जनी लुइस सेव्हेरिनो या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, 3 वर्षांसाठी 6.7 कोटी डॉलर कबूल केले, क्लबच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा करार. वाटपाचा पूर्ण हिस्सा पुन्हा मिळू लागला होता आणि पगारपट तसाच ठेवला असता तर नवी तक्रार आली असती, असं कारण तेव्हाच्या बातम्यांत दिलं होतं. स्टँडमधून वर्षानुवर्षं ओरडून जे झालं नाही ते एका कलमाच्या धाकानं झालं.

"आम्ही तोट्यात आहोत" हे मालकांचं पालुपदही तपासून घ्यावं. अमेरिकन करकायद्यानुसार टीम विकत घेणाऱ्याला जवळपास सगळी खरेदी-किंमत 15 वर्षांत खर्च म्हणून दाखवता येते. फिशर आणि त्यांच्या भागीदारानं 2005 मध्ये ए'ज 18 कोटी डॉलरना घेतली. म्हणजे खिशातून एक पैसा न जाता वर्षाला सुमारे 1.2 कोटींचा कागदी खर्च. तिकडे टीमची किंमत फोर्ब्जच्या 2025 च्या अंदाजानुसार 180 कोटींच्या घरात. वीस वर्षांत दहापट. विकत घेऊन नुसती धरून ठेवली तरी पुरे, जिंकायची गरजच नाही. फॅन्सना खरी चीड याचीच येते. हरणं त्यांना परकं नाही, बेसबॉलमध्ये चांगली टीमसुद्धा वर्षाला साठ-सत्तर मॅच हरते.

इथे लोक आणखी एक गल्लत करतात. राग नेमका कुणावर काढायचा, मालकावर की जनरल मॅनेजरवर, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याचं काम बघणाऱ्यावर? वानखेडेवर 2024 मध्ये कॅप्टन बदलण्याचा निर्णय मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनाचा होता आणि हुर्यो मात्र हार्दिक पंड्याची उडाली. ओकलंडच्या फॅन्सनी हे जपून केलं: खेळाडूंना टाळ्या, घोषणा फक्त मालकाच्या नावानं.

फरक ओळखायला सेवाकाळ समजून घ्या. सीझन साधारण 187 दिवसांचा असतो. त्यातले 172 दिवस मुख्य संघाच्या यादीत काढले की एक वर्ष धरतात. पहिली तीनेक वर्षं खेळाडू किमान पगाराच्या आसपास खेळतो (2025 मध्ये 7 लाख 60 हजार डॉलर), पुढची तीन वर्षं लवादाकडून पगार वाढवून घेतो आणि सहा वर्षं भरली की हव्या त्या संघाकडे जायला मोकळा होतो. म्हणून क्लब दिवस मोजतात. शिकागो कब्जनी 2015 मध्ये क्रिस ब्रायंटला एप्रिलच्या मध्यापर्यंत खालच्या लीगमध्ये बसवून ठेवलं. त्याचे भरले 171 दिवस. एका दिवसासाठी त्याचं मोकळं होणं पूर्ण वर्षानं लांबलं, आणि त्याविरुद्धची त्याची तक्रारही 2020 च्या सुरुवातीला फेटाळली गेली. आता नवोदितांच्या पुरस्कारात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष मिळतं, तेवढी फट बुजली.

हे कळलं की ट्रेडच्या, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या, तारखा बोलू लागतात. 2021 मध्ये ए'जनी 86 मॅच जिंकल्या होत्या. मार्च 2022 मध्ये एका आठवड्याच्या आत क्रिस बॅसिट, मॅट ऑल्सन, मॅट चॅपमन गेले, एप्रिलच्या सुरुवातीला शॉन मनाया. सगळे लवादाच्या वर्षांतले, म्हणजे पगार वाढत चाललेले. इतके जण एकदम जातात तेव्हा हुकूम वरून आलेला असतो. पुढची दोन वर्षं 102 आणि 112 पराभव. डिसेंबर 2022 मध्ये कॅचर (विकेटकीपरसारखा खेळाडू) शॉन मर्फीचा तीन संघांमधला ट्रेड झाला. त्यात विल्यम कॉन्ट्रेरास हा उत्तम कॅचर मिलवॉकीला गेला आणि ए'जच्या हाती त्याच्या तोडीचं काहीच लागलं नाही. विकायचं हे मालकानं ठरवलं असेल, पण बदल्यात काय घ्यायचं हे जनरल मॅनेजरच्या कचेरीत ठरतं. ती चूक त्यांच्या खात्यात.

"मग मालकाला हाकलता येत नाही?" येतं, पण तो निर्णय इतर मालकांचा, तोही तीन चतुर्थांश मतांनी. लीगच्या प्रमुखाला, कमिशनरला, नेमणारेही तेच. डॉजर्सचे मालक फ्रँक मॅकोर्ट यांनी क्लब कर्जात बुडवला तेव्हा एप्रिल 2011 मध्ये लीगनं कारभार ताब्यात घेतला, जूनमध्ये दिवाळखोरी आली, आणि 2012 मध्ये क्लब विकला गेला. त्यांनी 2004 मध्ये 43 कोटींना घेतलेला क्लब जमिनीच्या हिश्श्यासह 215 कोटींना गेला. ही झाली शिक्षा!

दुसरी टीम आणायची सोयही नाही. 1922 मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवलं की बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही, आणि ती सूट अजून बरीचशी शाबूत आहे. प्रत्येक संघाचा इलाका ठरलेला. सॅन होजे हे शहर सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाच्या इलाक्यात येतं, म्हणून ए'जना तिथे जाता आलं नाही. सॅन होजे महापालिका 2013 मध्ये कोर्टात गेली आणि दोन वर्षांनी हरली. त्याआधी फ्रीमाँटमध्ये ए'जसाठी सिस्को फील्ड हे स्टेडियम बांधायची घोषणा नोव्हेंबर 2006 मध्ये झाली होती, ती फेब्रुवारी 2009 मध्ये गुंडाळली. तुमच्यातले काही आज त्याच भागात राहत असतील.

ओकलंडच्या फॅन्सना हे सगळं तोंडपाठ होतं, म्हणून त्यांनी उलटा बहिष्कार केला. मंगळवार, 13 जून 2023, टॅम्पा बे रेजविरुद्ध. एरवी रिकाम्या असणाऱ्या दिवशी मैदान भरायचं, म्हणजे शहर उदासीन आहे हा युक्तिवाद फुटेल. हजारो हिरवे टी-शर्ट फुकट वाटले, छातीवर एकच शब्द: 'सेल', विकून टाका. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला आधी सगळे चिडीचूप, मग घोषणा. 27,759 लोक आले, ए'ज 2-1 जिंकले. क्लबनं त्या रात्रीचं तिकिटांचं उत्पन्न, 8 लाख डॉलरहून थोडं जास्त, स्थानिक संस्थांना देऊन टाकलं आणि हवा काढून घेतली. त्याच रात्री नेवाडाच्या सिनेटनं, ए'ज जिथे जाऊ बघत होते त्या लास वेगासच्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंतच्या सरकारी मदतीचं विधेयक मंजूर केलं. दोन दिवसांत गव्हर्नरची सही. नोव्हेंबरमध्ये स्थलांतराच्या बाजूनं मालकांची मतं पडली, 30 विरुद्ध शून्य. स्थलांतराचं शुल्कही माफ.

घाई का होती? आधी वाटपातून वगळलेल्या ए'जना खेळाडूंच्या संघटनेबरोबरच्या 2022 च्या करारानं महसूल-वाटपात परत घेतलं होतं, पण एका अटीवर: 15 जानेवारी 2024 च्या आत नव्या स्टेडियमचा पक्का करार. ही तारीख फॅन्सच्या टी-शर्टवर असायला हवी होती असं मला वाटतं. ओकलंडशी बोलणी रेंगाळत ठेवायला आणि वेगासला पळायला तीच लागू पडते.

मालकाला जिथे खरंच चिमटा बसतो ती जागा म्हणजे स्टेडियमचा भाडेकरार. ओकलंडचा 2024 अखेर संपत होता. तोवर वेगासचं स्टेडियम तयार होणार नव्हतं, म्हणजे मधली तीन-चार वर्षं टीमला छप्पर नव्हतं. शहराच्या हाती एवढं एकच पान. शहरानं 9.7 कोटी डॉलर मागितले. एप्रिल 2024 मध्ये ए'जनी जाहीर केलं की 2025 पासून आपण सॅक्रामेंटोच्या जेमतेम 14,000 क्षमतेच्या, खालच्या लीगच्या मैदानावर जाणार, संघाच्या नावात कुठल्याही शहराचं नाव न घेता. 26 सप्टेंबर 2024 ला ओकलंडमधली शेवटची मॅच झाली, 46,889 लोक आले.

म्हणून आपल्या शहराच्या टीमबद्दल शंका आली तर पगारपटाच्या आधी भाडेकरार काढा. स्टेडियम सार्वजनिक मालकीचं असेल तर तो काउंटी किंवा स्टेडियम प्राधिकरणाकडे मागता येतो. चार गोष्टी बघा: कधी संपतो, मध्येच सोडायची मुभा कोणत्या वर्षी आहे, मुदतवाढ कुणाच्या मर्जीवर आहे, आणि मोडला तर फक्त दंड आहे की घरच्या मॅच तिथेच खेळण्याचं बंधन आहे. शेवटचं कलम सर्वांत महत्त्वाचं, कारण दंड नवं शहर हसत भरतं.

मिनेसोटा ट्विन्स यावरच वाचले. नोव्हेंबर 2001 मध्ये मालकांनी 28 विरुद्ध 2 मतांनी दोन क्लब बंद करायचं ठरवलं. त्यात ट्विन्सचं नाव घेतलं जात होतं आणि त्यांच्या मालकाची तयारीही होती. ट्विन्सचं तेव्हाचं स्टेडियम, मेट्रोडोम, चालवणारं प्राधिकरण हेनेपिन काउंटीच्या कोर्टात गेलं. ट्विन्स तिथे भाडंच देत नव्हते, आणि हाच मुद्दा उलटा फिरला: भाडं नाही, म्हणजे प्राधिकरणाला या करारातून मिळणारी गोष्ट प्रत्यक्ष बेसबॉल हीच, तिची भरपाई पैशांत होणार नाही. न्यायाधीशांनी 2002 चा सीझन खेळायला लावला. त्या वर्षी ट्विन्सनी आपला गट जिंकला आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत हरवलं कुणाला, तर ओकलंड ए'जना.

ट्विन्सना 2010 मध्ये नवं मैदान मिळालं, टार्गेट फील्ड, 30 वर्षांच्या करारानं. त्यासाठी हेनेपिन काउंटीनं सार्वमत न घेता 0.15 टक्के विक्रीकर लावला, वीस डॉलरच्या खरेदीमागे तीन सेंट.