दहा दिवसांचा पाहुणा

गोव्यात पेडण्यातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. पर्यटन खात्यात नोंदणी आहे. 1982 च्या कायद्याप्रमाणे ती लागतेच. डिसेंबरात एक तरुण दहा दिवसांसाठी आला. लॅपटॉपवर काम, वागायला सज्जन. दहाचे वीस झाले, मग ॲप सोडून तो थेट माझ्या खात्यात महिन्याचे पैसे टाकू लागला. कमिशन वाचलं म्हणून आम्हीही खूश. एप्रिलमध्ये म्हणाला, "काकी, आधारवर इथलाच पत्ता घालतो, तेवढं ना हरकत पत्र द्या ना."

सासूबाई सोप्यावरून ओरडल्या, "मुंडकार जातलो गो तो!" मुंडकार होईल, म्हणजे मालकाच्या संमतीने घरात राहणारा आणि कायद्यामुळे बाहेर काढता न येणारा.

म्हापशाच्या वकिलांनी ती भीती लगेच घालवली. 1975 च्या मुंडकार कायद्यात घराचं भाडं भरणारा मुंडकार ठरत नाही. पण भाडेकरू ठरू शकतो, आणि मग त्याला बाहेर काढायला 1968 चा भाडे नियंत्रण कायदा आडवा येतो. त्यांनी माझा मोबाइल मागितला. दर महिन्याच्या पैशांपुढे त्याने ‘रेंट’ लिहिलेलं, वर ‘भाडं मिळालं’ असं उत्तर माझंच! चाव्या त्याच्याकडे, शेगडी त्याची, झाडलोट आम्ही फेब्रुवारीतच सोडलेली. करारावर नाव काहीही असो, खोलीचा पूर्ण ताबा कोणाकडे होता ते कोर्ट बघतं. सर्वोच्च न्यायालय 1959 पासून हेच सांगत आलंय. आमच्याकडे तर करारही नव्हता.

नवरा म्हणाला, वीज तोडू, कुलूप बदलू. वकिलांनी हात जोडले. जबरदस्तीने काढलं तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो ताबा परत मागू शकतो. मालक कोण, हा प्रश्न तिथे चालतच नाही.

पत्र दिलं नाही. मे महिन्याचे पैसे घेण्याआधी लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेकराराऐवजी नुसत्या राहण्याच्या परवानगीचा कागद केला: 31 मेला परवानगी संपेल, एक चावी आमच्याकडे राहील, साफसफाई आम्हीच करू. सही करताना तो जरा घुटमळला, तेवढ्यात माझ्या पोटात गोळा आला. केली शेवटी. त्याच्या मनात काही काळंबेरं होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही.

31 तारखेला खोली रिकामी मिळाल्याचं त्याच्या सहीनिशी लिहून घेतलं. सासूबाईंनी त्याला वाटेत खायला फणसाची साठं बांधून दिली.