तानपुरा पलीकडे पोचला! (माइकची नोंद, तिसरी)

मागच्या नोंदीत अडलेलं ते हे: शनिवारच्या व्हॉइस चॅटवर मी बोललो की खणखणीत ऐकू जातं, पण तानपुरा छेडला की सूर क्षणभर येतो आणि विरून जातो. दोन वायरी बदलून झाल्या होत्या.

या वेळी अ‍ॅप बंद ठेवून लॅपटॉपच्या रेकॉर्डरवर दोन मिनिटं वाजवलं. सूर शेवटपर्यंत भरलेला. म्हणजे माइक आणि वायर दोन्ही निर्दोष, घोळ अ‍ॅपमध्येच. ही चाचणी सगळ्यात आधी करा, बाकीचे चार दिवस वाचतात.

दोष निघाला नॉइज सप्रेशनचा, म्हणजे अ‍ॅपच्या गोंगाट गाळण्याच्या सोयीचा. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, असं धरून ते तो गाळतं. आणि तानपुरा तर मुळात एकसारखाच चालतो. ते बंद केलं. सोबत ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणारं) बंद, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती आवाजाला माइक उघडायचा ती पातळी, आपोआपवरून काढून हाताने अगदी खाली ओढली, नाहीतर सूर बारीक होताच माइकचं दार मिटतं. इको कॅन्सलेशनही काढलं, पण मग स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत जाऊ नये म्हणून इयरफोन लावायलाच हवेत.

सूर आला, आणि त्याच्या बुडाशी घूं अशी गुणगुण. विजेची, ५० हर्ट्झची. लो-कट (खालचे सूर गाळणारी चाळणी) लावून ती कापावी, तर माझा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, काळी एकचा, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. गुणगुणीबरोबर तोही पातळ होतो. चार्जर काढला आणि गुणगुण गेली. विश्रामबागच्या आमच्या घरात त्या सॉकेटला अर्थिंगच नाही. वायरमन येईपर्यंत बॅटरीवर वाजवणार.

ब्लूटूथ हेडसेटचा नाद मात्र सोडाच. त्याचा माइक चालू झाला की तो फोन-कॉलच्या मोडमध्ये जातो, सेकंदाला आवाजाचे सहसा ८,००० किंवा १६,००० नमुने. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतच्याच कंप्रता पकडता येतात, म्हणून १६,००० धरले तरी ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गेलं, आणि जवारीची (घोडीवर तार घासून उठणाऱ्या झंकाराची) झळाळी थेट तिथवर जाते. साधा वायरचा माइक बरा. तो मी घोडीसमोर, तबलीपासून वीतभर लांब ठेवला. भोपळ्याजवळ नेला की आवाज घुमतो.

मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझा तानपुरा तिथल्याच सतारमेकर गल्लीतला, म्हणून ज्यांच्याकडून घेतला त्या काकांनाच शनिवारी चॅटवर बोलावलं. पंचम, जोड, खर्ज अशा तारा, सावकाश दहा-बारा आवर्तनं. काका गप्प. मला वाटलं, पुन्हा आवाज गेला.

"काका, येतोय ना आवाज?"

"येतोय की. अहो, दुसऱ्या जोडीचं सूत सरकलंय तुमचं. केसभर पुढं घ्या."

तारेखालचा दोरा नखाने केसभर सरकवला. तार उघडली, आणि पलीकडून काका म्हणाले, "हां, आता बोलली."

पुढच्या शनिवारी सोबत गाऊन बघणार, तेव्हा गळ्यासाठी दुसरा माइक लागेल.