मग तू नक्की काय करतेस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं दर लग्नात पंगतीला कुणी ना कुणी विचारतंच: ‘रोबोटचे पार्ट आता एआयच डिझाइन करतं म्हणे. मग तुझी पीएचडी कशात?’

काय चालणार नाही, हे त्या एआयला सांगण्यात!

रोबोटच्या हाताचं वस्तू पकडणारं बोट घ्या. कॉम्प्युटरला एक भरीव ठोकळा द्यायचा, बोल्ट कुठे येणार, जोर कुठून आणि किती पडणार ते सांगायचं. जिथलं मटेरियल फारसा भार घेत नाही तिथून ते तो काढत जातो. हे टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन. कालपरवाचं नाही बरं, बेंडसो आणि किकुची यांचा पायाभूत पेपर १९८८चा आहे. नवं एवढंच की दर वेळी तासन्‌तास सिम्युलेशन चालवण्याऐवजी शिकवून तयार केलेलं न्यूरल नेटवर्क झटपट अंदाज देतं.

शेवटी हातात येतो तो पार्ट दिसतो कोंबडीच्या हाडासारखा. मी खूश. वर्कशॉपमधले काका तो उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, ‘मॅडम, ॲलन की कुठून घालू?’ (ॲलन की म्हणजे बोल्ट आवळायची षटकोनी वाकडी चावी.) बघते तर बोल्टच्या डोक्यासमोरच एक नाजूक फांदी आडवी गेलेली. ताकदीच्या हिशेबात ती अगदी बरोबर आहे. पण बोल्ट कुणीतरी आवळायचा असतो, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं. तेच थ्रीडी प्रिंटचं. पार्ट थरावर थर चढत बनतो आणि थरांमधला जोड कच्चा, त्यामुळे एकच पार्ट आडवा छापला तर टिकतो, उभा छापला तर तुटतो.

सांगितलं नाही ते यंत्र धरतच नाही, हे जुनंच दुखणं. १९९४ साली कार्ल सिम्स या संशोधकाने कॉम्प्युटरमध्ये आभासी प्राणी उत्क्रांत केले, म्हणजे थोडे थोडे बदल करत दर पिढीत सरस ठरतील तेच पुढे नेले. वेगाने हलेल तो जिंकला, असा नियम ठेवला की नुसतं उंच वाढून धाडकन आडवं पडणं हीसुद्धा पळवाट निघायची, ती मुद्दाम बंद करावी लागे. मला तर हे प्राणी फार आवडतात.

याचा अर्थ यंत्राला अक्कल नाही असा नाही. नासाच्या एसटी५ उपग्रहांवर २००६ मध्ये गेलेला अँटेना अशाच उत्क्रांतीच्या पद्धतीने निघाला होता. वेडीवाकडी वाकवलेली तार. कुठल्याही इंजिनिअरने ती कागदावर काढली नसती.

सध्या मी ॲलन की फिरवायला लागणारी मोकळी जागा प्रोग्रॅमला आकड्यांत कशी सांगायची, यावर अडले आहे. त्यात काकांची बोटं जाडजूड. याला रिसर्च म्हणायचं का, हे मात्र आमच्या गाइडना विचारू नका.