यात तुमची मजुरी कुठंय, काकू?

मी नगरपरिषदेत समुदाय संघटक आहे. वस्तीत बचत गट बांधायचे, त्यांची बँकेत खाती उघडायची, सरकारकडून गटाला मिळणारा फिरता निधी (तेव्हा 10,000 रुपये) मिळवून द्यायचा, गटांच्या आणि पथविक्रेत्यांच्या कर्जाच्या फाइली तयार करायच्या, हे माझं रोजचं काम. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव तालुक्याचं. तिथे 2023 च्या जानेवारीत आम्ही गटांच्या मालाचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरवलं होतं. त्यातला भोगीचा आदला दिवस, 13 तारीख, कामाला लागल्यापासूनचा माझा सगळ्यात मोठा दिवस होता.

तारीख विचार करून धरली होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं आणि प्रत्येक घराला पन्नासएक वाणं लागतात. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी होते, म्हणजे तीळ, पीठ, मसाला यांनाही गिऱ्हाईक असतं. बायका या दिवसांत पिशवी घेऊन बाहेर पडलेल्याच असतात. गटांच्या मालाला वर्षात याहून चांगला आठवडा नाही. मार्चअखेरीस निधी खर्ची टाकायचा म्हणून ऐन उन्हात भरवलेली प्रदर्शनं मी पाहिली आहेत. तिथे बायका दिवसभर एकमेकींचेच पापड विकत घेतात.

सकाळी आठला मैदानावर पोचले तर प्रवेशाच्या कमानीपाशी दहाबारा हातगाडेवाले उभे. चहा, भजी, फळं. मंडपवाल्याच्या माणसांनी त्यांना रात्रीच सांगितलं होतं, दोन दिवस इथे गाडा लावायचा नाही. फळांच्या गाड्यावरची मावशी मला ओळखत होती, तिचा स्वनिधीचा, म्हणजे पथविक्रेत्यांना कर्ज देणाऱ्या केंद्राच्या योजनेचा, अर्ज मीच भरला होता. "मॅडम, कर्ज तुमीच मिळवून दिलं. आता दोन दिस गाडा लागला न्हाई तर हप्ता कुठनं भरू?"

तेव्हा पहिलं कर्ज 10,000 चं होतं, वर्षात फेडायचं, महिन्याला साधारण 900 रुपयांचा हप्ता. वेळेवर भरला तर 7 टक्के व्याज अनुदान आणि पुढे 20,000 चं दुसरं कर्ज मिळायचं. म्हणजे बुडालेल्या दोन दिवसांचा हिशोब तिच्या पुढच्या कर्जापर्यंत जात होता. आणि नगरपरिषदेनंच तिला विक्री प्रमाणपत्र दिलेलं. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात स्पष्ट आहे की प्रमाणपत्रातल्या जागेवरून विक्रेत्याला हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. मंडपवाल्याच्या तोंडी निरोपाला कायद्यात जागाच नाही.

मी हे मुख्याधिकारी साहेबांना फोनवर सांगितलं. ते पाहणीला येणारच होते, लवकर आले. त्यांनी गाडेवाल्यांचं ऐकून घेतलं, मैदान फिरून बघितलं आणि कमान आत घ्यायला लावली. गाडे जिथल्या तिथे राहिले. अर्ध्या तासाचं काम. छोट्या धंद्यांसाठी कार्यक्रम करताना दुसऱ्या छोट्या धंद्यांच्या पोटावर पाय देता कामा नये, हे मी त्या दिवसापासून प्रत्येक बैठकीत बोलते.

दुपारपर्यंत या गाड्यांचाच गटांना आधार झाला. बऱ्याच गटांकडे क्यूआर कोड नव्हता. खातं गटाच्या नावावर, त्यावर सह्या दोघींच्या, आणि बँकेत त्याचं अजून जमलेलं नव्हतं. पण गिऱ्हाईक मोबाइल पुढे करत होतं. गाडेवाल्यांना मात्र स्वनिधीमुळे क्यूआरची सवय झालेली, डिजिटल व्यवहारांवर तेव्हा महिन्याला 100 रुपयांपर्यंत कॅशबॅक मिळायचा. चहावाल्या दादांनी गटांच्या गिऱ्हाइकांचे पैसे आपल्या कोडवर घेतले आणि गल्ल्यातून रोख काढून बायकांना दिली. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक रक्कम लिहून ठेवली. सकाळी त्यांनाच इथून उठवणार होतो.

उद्घाटन झालं, भाषणं झाली. भाषणं चालू असताना विक्री थांबते, हे मी दरवर्षी बघते. कर्णा स्टॉलच्या डोक्यावर लावला की भावही ऐकू येत नाही. पुढच्या वेळी व्यासपीठ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हवं.

ज्यासाठी मी हे लिहायला बसले तो प्रसंग त्यानंतरचा. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा एक स्टॉल होता. मालदांडी ज्वारीच्या पापडासारख्या कडक भाकऱ्या आणि उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी. वस्तीतल्या बायकांचा गट, अध्यक्ष एक पन्नाशीच्या काकू. चटणी 200 रुपये किलो. गर्दी त्यांच्याकडेच होती. एका बाईंनी वाणासाठी लहान पुड्या मागितल्या, तर दोघींनी तिथेच बसून 50 ग्रॅमच्या पुड्या बांधून दिल्या.

मग गावातलेच एक किराणा दुकानदार आले. चटणी चाखली, पाकीट उलटसुलट करून बघितलं. "दर आठवड्याला 10 किलो घेतो. 180 नं द्या." काकू हो म्हणणारच होत्या. मी म्हटलं, "शेठ, अर्धा तास द्या, गट ठरवून सांगतो."

प्रदर्शनाच्या पत्रकाच्या पाठीमागे आम्ही हिशोब मांडला. 10 किलो चटणीला शेंगदाणे 1,300 रुपयांचे. तिखट 200. लसूण, जिरं, मीठ 100. भाजायला गॅस 60. पिशव्या आणि लेबल 90. बेरीज 1,750. म्हणजे किलोला 175.

"मग किलोमागं पाच रुपये उरत्यात की," काकू म्हणाल्या.

"यात तुमची मजुरी कुठंय, काकू?"

"घरातल्या घरात करतो मॅडम, आमाला कसली मजुरी?"

"10 किलो कुटायला किती जणी लागता?"

"दोघी. दिवस जातो."

"खुरपायला गेलात तर हजेरी काय पडते?"

"तीनशे."

मी 600 लिहिले. किलोचा खर्च 235 वर गेला. म्हणजे 180 ला दिली असती तर दोघींच्या दिवसभराच्या कुटण्याचे मिळून 50 रुपये हाती आले असते. आणि 200 ला विकत होत्या तेव्हाही मजुरी अर्धीसुद्धा निघत नव्हती. काकूंनी पत्रक हातात घेतलं, बोट ठेवून बेरीज पुन्हा केली. मागच्या एकीनं विचारलं, "म्हंजे इतकी वर्सं आपन फुकट कुटली?" कुणी उत्तर दिलं नाही.

मग वाद झाला. एकीचं म्हणणं, भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल. दुसरी म्हणाली, तुटू दे, पण तोट्यात कशाला द्यायची? मी मध्ये पडले नाही. भाव ठरवायचा हक्क त्यांचा होता. शेवटी पाटीवरचा 200 खोडून 280 केला आणि दुकानदारासाठी 250 ठरवला. दुपारनंतर काही गिऱ्हाइकं पाटी बघून पुढे गेली, हे खरं. पण पुड्या जातच राहिल्या.

दुकानदार 250 ऐकून निघून गेले. काकूंचा चेहरा पडला. संध्याकाळी साडेसहाला ते परत आले. म्हणाले, बायकोला चटणी आवडलीय, 10 किलो घेऊन बघतो, पण पाकिटावर व्यवस्थित लेबल पाहिजे. गटाची अन्न नोंदणी डिसेंबरात झाली होती. वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांना तेव्हा वर्षाला फक्त 100 रुपये फी लागायची. पण लेबल म्हणजे हातानं लिहिलेला कागद होता. घटक, वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायची, पत्ता, हिरवा ठिपका आणि 14 अंकी नोंदणी क्रमांक, हे सगळं मी झेरॉक्सच्या दुकानात बसून टाइप करून घेतलं. संक्रांत झाल्यावर पहिले 10 किलो गेले, रोखीनं.

प्रदर्शनाचा अहवाल वर पाठवताना एकूण विक्रीचा रकाना असतो. कोणत्या गटाला पुढची ऑर्डर मिळाली, याला रकाना नाही. मी तो हातानं आखून जोडला. माझ्या मते मोजायचं तर हेच मोजायला हवं. दोन दिवसांत गल्ल्यात किती पडले त्यापेक्षा तिसऱ्या दिवशी धंदा चालू आहे का, हे बघावं. शहरातल्या खानावळवाल्यांना, किराणावाल्यांना आधी बोलावून एक सकाळ फक्त त्यांच्यासाठी ठेवावी, असंही मी टिपणीत लिहिलं.

काकूंचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. नगरपरिषदेचे गाळे लिलावानं जातात, अनामत एवढी असते की बायकांचा गट बोलीत उभाही राहू शकत नाही. "दोन दिस मंडप देता, तसा एक गाळा बारा महिने सगळ्या गटांना मिळून द्या, भाडं आमी भरतो," असं त्यांनी मला प्रदर्शन आवरताना सांगितलं. मी त्यांचा अर्ज लिहून दिला, वस्तीस्तर संघाच्या, म्हणजे वस्तीतल्या सगळ्या गटांच्या मिळून असलेल्या संघाच्या, सह्या घेतल्या आणि आवक क्रमांक टाकून घेतला. विषय नगरपरिषदेच्या सभेपुढे येईपर्यंत मी पाठपुरावा सोडणार नाही.