नऊ टिंबं

मंगळवार, रात्री उशिरा

सकाळपासून पान १४३ च्या पुढे सरकले नाही. कादंबरीची मुद्रितं शुक्रवारी तपासून परत द्यायची आहेत, छपाईचा नववा फॉर्म चालू आहे, त्यापुढचे सात तसेच पडलेत, आणि मी नऊ टिंबांवर अडून बसले आहे.

पान १४३ वर पत्र आहे. कादंबरीतल्या बापाचं म्हणायचं, आहे अण्णांचंच. तीन वाक्यं.

‘तुझें पुस्तक वाचलें. कांहीं कळलें, कांहीं नाहीं. घरांत सर्व ठीक.’

पहिलं पुस्तक आलं तेव्हाचं. पुस्तकाबद्दल ते समोरासमोर कधी बोलले नाहीत, आणि लिहिलं ते एवढंच. तेव्हा मी आठवडाभर रुसले होते. आता त्या तीन वाक्यांवर आख्खं प्रकरण उभं केलंय.

मुद्रितशोधकांनी लाल शाईने नऊच्या नऊ टिंबं छाटली. समासात ती शेपटीवाली काढून टाकायची खूण, एकाखाली एक, नऊ वेळा. हात स्थिर आहे त्यांचा, नवव्यांदाही खूण तेवढीच नेटकी.

नियमाने त्यांचंच बरोबर. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ सालीच गेले. ‘नाहीं’मधलं टिंब कोणी नाकात म्हणत नाही, मग लिहायचं कशाला? पण अण्णा त्याच्या आधी लिहायला शिकले, हाताला तेच वळण पडलेलं. ‘तो आला’ बिनटिंबाचं आणि ‘मी आलों’ला टिंब. लहानपणी मला वाटायचं, स्वतः कुठून आलं की डोक्यावर टिंब घ्यायचं असतं, टोपीसारखं.

तर सकाळी संताप आला. मशीन धुऊन होऊन वाजत राहिलं, टॉवेल आत तसेच. मुद्रितशोधकांना मनातल्या मनात चार पत्रं लिहून झाली, एकाहून एक झणझणीत. माणूस गेला. चष्मा कोणी नेला कळलं नाही. कपाट वहिनीने एका दुपारात रिकामं केलं, तिने तरी काय करायचं. माझ्या वाट्याला काय आलं तर नऊ टिंबं, आणि त्यांच्यावरही कोणीतरी लाल पेन घेऊन बसलंय. असं बरंच काही. टेबलाशी बसून चांगली रडले. या कादंबरीचा बाप मी पहिल्या खर्ड्यातच मारला होता, तेव्हा अण्णा रोज दोन्ही वेळा फिरायला जात होते. पण ते आज नको.

मध्ये दादाचा फोन येऊन गेला, सह्यांचा असणार. उचलला नाही.

शोधकाने काढलेलं परत आणायची रीत सोपी आहे. ज्या शब्दाला हात लावायचा नाही त्याच्या खाली टिंबं द्यायची आणि समासात ‘स्टेट’ लिहायचं. मूळ लॅटिन शब्द, राहू दे या अर्थाचा. म्हणजे डोक्यावरचं टिंब वाचवायचं तर पायाशी टिंबं मांडायची. इतक्या वर्षांत हे कधी लक्षात आलं नव्हतं. पेन्सिलीला टोक केलं. मग वाटलं, नुसतं ‘राहू दे’ नको. मूळ पत्राची प्रतच जोडू, म्हणजे वादच नको.

फाइल खालच्या खणात होती, टेबलापासून चार पावलांवर. पत्र वहीच्या पानावरचं, फाडलेली कड करवतीसारखी, चार घड्या, मधल्या घडीवर शाई पसरून ‘कळले’चा ‘ळ’ फुगलेला. आणि अक्षर त्यांचंच, खाली लोंबणाऱ्या शेपटीच्या ‘क’सकट.

‘तुझे पुस्तक वाचले. काही कळले, काही नाही. घरांत सर्व ठीक.’

टिंब एकच. ‘घरांत’वर, तेही जरा बाजूला. पेन टेकवून क्षणभर थांबले असतील, तेवढंच असेल कदाचित.

मी दिव्याखाली धरून पाहिलं. पाठीमागून पाहिलं. भिंग आणलं. आठ टिंबं तिथे नव्हतीच. ती मी घातली होती.

चुकून झालं म्हणायचीही सोय नाही. टंकताना अनुस्वार आपोआप येत नाही, त्याची कळ वेगळी दाबावी लागते. आठ वेळा दाबली. फाइल चार पावलांवर असताना ती न काढता, आठवणीतून, अगदी खात्रीने. ‘कांहीं’वर दोन टिंबं देताना तर गळा दाटून आला होता, हे मला नीट आठवतं. लोक म्हणतात तुमची पात्रं किती खरी वाटतात. वाटणारच. खऱ्या बापालासुद्धा मी वरून टिंबं लावून आणखी खरा करते.

पण मग त्यांची टिंबं गेली कुठे? दादाला मेसेज केला, अण्णांचं त्या वर्षातलं एखादं पत्र असलं तर फोटो पाठव. त्याचा उलट प्रश्न, ‘वकिलाला लागतंय का?’ नाही म्हटलं. अर्ध्या तासाने फोटो आला. छपराचे पत्रे, गवंड्याची मजुरी, आणि टिंबांचं नुसतं पीक. आंत, पांच, कांहीं, मीं सांगितलें. सगळी जागच्या जागी.

म्हणजे टिंबं होती. मला लिहिताना नव्हती.

हे मला माहीत होतं. माहीत नसल्यासारखं ठेवून दिलं होतं. चौदाव्या वर्षी शिकायला बाहेर राहिले, शुद्धलेखनात पहिली आले आणि डोकं ठिकाणावर राहिलं नाही. अण्णांच्या एका पत्रावर लाल पेन्सिलीने गोल केले, खाली ‘१० पैकी ३’ असे गुण दिले आणि ते पत्र त्यांनाच परत पाठवलं. गंमत म्हणून. गंमत होती का, कोण जाणे. उत्तरात त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, एवढंच लक्षात राहिलं. चप्पल घ्यायला पैसे पाठवले होते.

आज ते उत्तर काढून पाहिलं. ‘नाहीं’ तीन ठिकाणी आहे, आणि तिन्ही ठिकाणी टिंब आधी देऊन मग बारीक आडव्या रेघेने खोडलंय. इतकं बारीक की तेव्हा दिसलं नसणार. किंवा दिसलं असेल.

बराच वेळ काही केलं नाही. मग उगाच हसू यायला लागलं. सकाळपासून ज्या माणसावर दात-ओठ खात होते त्याने केलं काय, तर मी चौदाव्या वर्षी केलं तेच. तो निदान गुण तरी देत नाही. आणि त्यात माझं स्वतःचं लिखाण! ‘गेलं’, ‘केलं’, ‘वाटलं’, पानोपानी टिंबं सांडलेली. बोलीतला शेवटचा लांबट ‘अ’ दाखवायला ती चालतात, नियमात बसतात. पण ज्याची टिंबं काढून घेतली त्याला हा फरक कोणी समजावला? पोरीने माझी काढली आणि स्वतःच्या पुस्तकात पेरली, असंच वाटलं असणार. ‘काही कळले, काही नाही’मधलं न कळलेलं बहुतेक हेच.

का आणखी काही? नकोच.

तर आठ टिंबं उडवलेली बरोबर. मी समासात काही लिहिलं नाही. मूळ प्रतीला धरूनच झालं ते, शोधकांना न कळता. फक्त ‘घरांत’खाली पेन्सिलीने तीन टिंबं दिली आणि बाजूला ‘स्टेट’ लिहिलं. ते अण्णांनी खोडलेलं नाही. विसरले असतील, किंवा तिथे हात ऐकला नसेल, किंवा शाईचा डाग असेल. डाग असला तरी राहू दे.

शोधक चोख आहेत, उद्या नक्की फोन करतील. हल्लीच्या लेखनात टिंब दिलं की अनेकवचन होतं, वाचणाऱ्याला पुष्कळ घरं वाटतील, तुमच्या गोष्टीत तर एकच घर आहे ना, असं विचारतील. त्यांना काय सांगायचं ते ठरलेलं नाही. दादालाही उद्या फोन करायचाय, त्याच घराचा.

टॉवेलांना वास मारत होता. पुन्हा लावले.