बेडूक आज पुण्याला निघाला

मंगळवार, रात्र. लाईट सातला गेली ती आत्ता आली म्हणून मेल पण आत्ता गेला. दुपारी वाचनालयातूनच पाठवणार होते, पण तिथे पेपर वाचायला येणारे काका लोक मागे उभं राहून स्क्रीनवर काय चाललंय ते पण वाचतात आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या चोपड्याला माहीत. मग घरूनच. पुण्याचे एक प्रकाशक आहेत, त्यांना बेडकाची गोष्ट पाठवली.

गोष्ट अशी की रावेरकडे कांदेबागाची, म्हणजे केळीच्या एका हंगामाच्या बागेची, कटाई चाललीये, एका घडात बेडूक बसलाय, मजूर घड खांद्यावर घेतो, घड ट्रकमध्ये जातो आणि बेडूक थेट दिल्लीला आझादपूर मंडीत. पहिला खर्डा चांगला १४०० शब्दांचा होता. बेडूक कसा हिरवा, पाठीवर ठिपके कसे, ट्रक कोणत्या रंगाचा, मंडीत गर्दी किती, सगळं लिहिलेलं. आता ५०० च्या आत आलीये आणि जे गेलं त्यातलं बहुतेक चित्रवाल्याचं काम होतं. चित्रात ट्रक लाल दिसतोच आहे तर खाली परत "लाल ट्रक" कशाला. ठेवायचं ते चित्रात न दिसणारं, म्हणजे आवाज, वास, बेडकाच्या डोक्यात काय चाललंय ते.

हे कळायला डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना करावा लागतो, नुसतं कॉम्प्युटरवर बघून नाही कळत. ए-फोरचे ८ कागद मधोमध दुमडायचे, पाठीत दोन स्टेपल मारायचे, झाली ३२ पानं. छपाईचा मोठा कागद दुमडून पानं पाडतात ना, म्हणून चित्रांची पुस्तकं बहुतेक १६, २४ नाहीतर ३२ पानांची असतात. त्यात पहिलं पान नावाचं, दुसऱ्यावर प्रकाशक-छपाईची माहिती, शेवटचं एखादं लेखक-चित्रकाराच्या ओळखीला, म्हणजे गोष्टीला समोरासमोरच्या जोडपानांच्या बारा-चौदा जोड्याच मिळतात. मी वाक्यं कात्रीने कापून त्या डमीत चिकटवली आणि मग दिसलं की ट्रक निघाल्यावर तीन जोड्यांत काहीच होत नाही, नुसता रस्ता. दोन उडवल्या. आणि प्रश्न येतो तो उजव्या पानाच्या शेवटी, "ताडपत्री उचलली आणि..." आणि पान उलटल्यावर उत्तर. पान उलटायला पोराचा हात आपण होऊन गेला पाहिजे.

शनिवारी वाचनालयात पोरांना ही डमी वाचून दाखवली, चित्रं नाहीत काही नाहीत, तरी बसले. पण दिल्ली आल्यावर एक तिसरीतली चिमुरडी म्हणे, मॅडम त्याची मम्मी कुठे राहिली? मला वाटत होतं गोष्ट प्रवासाची आहे. ते वाक्य घातलं बा शेवटी, एकच, पण त्याच्यासाठी अर्धी रात्र गेली.

आमच्या भाऊजींचं म्हणणं वेगळंच. वहिनी, शाळेच्या भिंती रंगवणारा एक पेंटर आहे ओळखीचा, त्याच्याकडून चित्रं काढून घ्या, पुस्तकच पाठवा तयार. त्यांना किती वेळा सांगितलं की असं नसतं, आपण स्वतः चित्रकार नसू तर फक्त मजकूर पाठवायचा, चित्रकार प्रकाशक शोधतो, आपण आपली चित्रं जोडून पाठवली तर उलट गोष्ट चांगली असून मागे पडू शकते. त्यांना पटत नाही. त्यांचा दुसरा प्लॅन म्हणजे पैसे टाकू, छापू, आमदारांना बोलावू, शाल श्रीफळ करू.

तसं एक पत्र आलंच होतं मागे एकाकडून, नाव नको. आपली संहिता अत्यंत आवडली, मात्र छपाईखर्च लेखिकेने करावा, निम्म्या प्रती लेखिकेने विकत घ्याव्यात, आयएसबीएनचे (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे) पैसे वेगळे, सर्व हक्क प्रकाशकाकडे. वा. आयएसबीएन नंबर भारतात राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून फुकट मिळतो, त्याचे कसले पैसे? आणि हक्कांचं म्हणाल तर १९५७ चा कॉपीराईट कायदा आहे, कलम १९, हक्क द्यायचे तर ते लेखी पाहिजेत, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतेच. म्हणून कागदात "कायमस्वरूपी" कुठे घुसवलंय का ते बघायचं. त्यात होतं. तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. मी उत्तरच दिलं नाही.

पैसे देऊन छापलेल्या पुस्तकांचं काय होतं ते मला कोणी सांगायला नको, सप्रेम भेट म्हणून ती वाचनालयात येतात आणि रजिस्टरला मीच चढवते. बाकीचे गठ्ठे लेखकाच्या दिवाणात. स्वतः छापायला माझी ना नाही, पण मग ते स्वतः छापणं आहे म्हणा, "निवड झाली" कशाला म्हणता!

कोणाला पाठवायचं हे मात्र नोकरीमुळे सोपं गेलं. ज्योत्स्ना, एकलव्य, तुलिका, प्रथम, नॅशनल बुक ट्रस्ट, सगळ्या प्रकाशकांचं थोडं थोडं आमच्या वाचनालयाच्या कपाटात आहे. दहा दहा पुस्तकं काढून जमिनीवर मांडली की दिसतं कोणाला काय चालतं, कोण गंमत छापतं, कोण माहिती, कोणाच्या पानावर चारच ओळी असतात. बोधकथा छापणाऱ्याला माझा बेडूक देऊन काय उपयोग, तो दिल्लीला जाऊन काहीच शिकत नाही. प्रथमची स्टोरीवीव्हर वेबसाईट पण आहे २०१५ पासूनची, तिथे कोणीही गोष्ट टाकू शकतं, पण तिथलं सगळं खुल्या परवान्यावर असतं, कोणीही वापरो, भाषांतर करो. चांगलंच आहे ते, पण तिथे टाकलेली गोष्ट मग दुसऱ्या प्रकाशकाला नवी कोरी म्हणून देता येत नाही, त्यामुळे हा बेडूक तिकडे नको.

मेलमध्ये चार ओळीच लिहिल्या. वय ५ ते ८, शब्द इतके, ३२ पानांची कल्पना, मी कोण. फाईल युनिकोडमध्ये, पानं कुठे तुटतात ते मजकुरातच लिहिलेलं. नातेवाईकांना खूप आवडली वगैरे लिहायचं नाही, नातेवाईकांना आवडतेच. तसं माझ्या सासूबाईंना नाही आवडत, त्यांचं एकच, "इतलं लिखीसनी काय भेटस तुले?" छापून आलं तर रॉयल्टी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, आणि ती पण चित्रकाराबरोबर वाटून. हिशोब मांडून दाखवला तर हसतील.

उत्तराला तीन-चार महिने तर धरायचेच, काही ठिकाणी उत्तर नाही आलं तर तेच उत्तर समजायचं. तोवर किशोर मासिकासाठी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याची कविता पुरी करते, दिवाळी अंकाला द्यायची तर त्यांचं काम कितीतरी आधी सुरू होतं. सासूबाई म्हणतात झोका निंबालाच बांधायचा, शेजारच्या मावशी म्हणतात आमच्याकडे चिंचेला. मला यमकाला निंब बरा पडतोय. मावशींना सांगणार नाहीये.