पोत्याचा दोरा

जूनमधली दुपार. पेरणी आभाळाकडे बघत थांबलेली, बैल दावणीला, आणि सपरीत सरकीच्या ढेपेची नवी चुंगडी उघडायची असते. कुणीतरी विळा घेतं आणि तोंडाची शिवण सरळ कापून काढतं. खर्रर्र. सपरीतल्या खाटेवरून म्हातारा आवाज येतो, "कायले कापतं रे? उसव ना!" तोवर शिवणीचे वीतभर तुकडे जमिनीवर पडलेले असतात, आणि पोत्याचं तोंडही दोन बोटं आखूड झालेलं असतं.

पोतं विळ्यानं कापणारी माणसं आणि उसवणारी माणसं अशा दोन जाती आहेत, त्यांचं आपसात जमत नाही.

उसवणं सोपं आहे, पण टोक बरोबर लागतं. पोत्याच्या तोंडावरची शिवण म्हणजे साखळी टाका. एका अंगाला साधी सरळ शिवण दिसते, दुसऱ्या अंगाला एकात एक अडकलेल्या पाकळ्या. पाकळ्यांचं अंग आपल्याकडे करायचं आणि त्यांची गोल टोकं कोणत्या दिशेला आहेत ते बघायचं. शिवण त्या दिशेला संपली आहे, तिथूनच ती सुटते. बाहेर लोंबणारं शेपूट काठाशी कापायचं, शेवटची पाकळी नखानं मोकळी करायची आणि ओढायचं. सर्रकन सगळं तोंड मोकळं. उलट्या टोकानं ओढाल तर दोन टाके सुटल्यासारखे होतात आणि तिसऱ्यावर गाठ बसते. मग विळा घेण्यावाचून इलाज नाही, म्हणजे त्या पहिल्या जातीत नाव गेलंच. काही पोत्यांना दोन दोरे असतात. तिथे साखळीचा दोरा ओढला की वरचा सरळ दोरा आपसूक सुटून हातात येतो.

लहानपणी ही सपरीतली शर्यतच असायची. थप्पीतलं एकेक पोतं वाटून घ्यायचं आणि कोणाचा दोरा अखंड निघतो ते बघायचं. जिंकलेल्याला काय मिळायचं, तर तोच दोरा. भोवऱ्याला मात्र तो चालायचा नाही. एकेरी दोरा बारीक, भोवऱ्याच्या अंगावरून घसरायचा. तीन पदर मांडीवर वळले तर चालायचा, पण तेवढा धीर कुणाला!

एका पोत्याच्या तोंडातून साधारण दोन मीटर दोरा निघतो. युरियाची बॅग २०१८ साली ५० किलोवरून ४५ किलोवर आली, शिवण काही पाच किलोनं आखडलेली दिसत नाही. एका हंगामात खत, ढेप, दाळ, तांदूळ धरून घरात पन्नास पोती सहज रिकामी होतात. म्हणजे शंभर मीटर दोरा. तुराटीच्या वीतभर कांडीवर गुंडाळून खुंटीला लावला की वर्षभराचं भांडवल झालं. खताच्या पोत्याचा असेल तर आधी दोन पाण्यांतून काढायचा. युरिया पाण्यात लगेच विरघळतो. १०:२६:२६ या मिश्रखताची पूड मात्र दोऱ्याच्या पिळात बसते, ती चोळून काढावी लागते.

त्याआधी एक परीक्षा. दोऱ्याचं टोक काडीवर धरायचं. कागदासारखं जळून राख झाली तर सूत. वितळून काळा टणक मणी झाला तर पॉलिस्टर. ही परीक्षा टाळणाऱ्याची पुढची अर्धी मेहनत वाया जाते, कारण सूत रंग घेतं आणि कुजतं, पॉलिस्टर रंग घेत नाही आणि कुजतही नाही.

रंगाला पैसे घालायची गरज नाही. होळीच्या सुमारास पळस फुलतो, तेव्हा वेचून सावलीत वाळवलेली फुलं डब्यात असली की झालं. वीस ग्रॅम दोरा म्हणजे जवळपास पन्नास पोत्यांचा. तेवढ्याला चमचाभर हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून दोरा रात्रभर बुडवून ठेवायचा. सकाळी पिळून, न धुता, पाऊण चमचा तुरटी विरघळवलेल्या पाण्यात तासभर. मग दोन मुठी वाळलेली फुलं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळून गाळायची आणि त्या पाण्यात दोरा मंद आचेवर अर्धा तास. पिवळ्यापासून केशरीपर्यंत काहीही निघतं, फुलं किती जुनी त्यावर. पातेलं ॲल्युमिनियमचं किंवा स्टीलचं घ्यायचं. लोखंडी कढईत हिरडा आणि लोह एकत्र आले की रंग काळपट होतो, मग पळसाला कितीही बोल लावा. हा रंग उन्हात टिकत नाही हेही आधीच सांगितलेलं बरं. दाराबाहेरचं तोरण दोन महिन्यांत फिकं पडतं. घरातलं टिकतं.

रंगवलेल्या दोऱ्याचं सगळ्यात छान काय होत असेल तर तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, लाकडी बैलाचे गोंडे. वहीच्या पुठ्ठ्याचा तीन बोटं रुंद तुकडा घ्यायचा, त्यावर दोरा चाळीस वेढे गुंडाळायचा, वरच्या काठाखालून एक दोरा ओवून घट्ट गाठ, खालचा काठ कात्रीनं उघडा. वरून अर्ध्या इंचावर पाच-सहा वेढ्यांची मान बांधली की गोंडा. चाळीसपेक्षा कमी वेढे घेतले तर गोंडा म्हाताऱ्याच्या शेंडीसारखा दिसतो. झूल जुन्या लुगड्याच्या काठाची. बाजारात प्लास्टिकचे चमकते गोंडे मिळतात, स्वस्तही असतात, बैल मात्र त्यात लग्नाच्या बँडवाल्यासारखा दिसतो.

आता लुगड्याचा विषय निघालाच आहे तर पायपुसणं. पोत्याचा दोरा खरा कामाला येतो तो इथे. सुती साडी घ्यावी, नायलॉनची नको, ती पाणी टिपत नाही. साडेपाच मीटरची साडी लांबीत फाडायची, तीन-तीन इंचांच्या पट्ट्या. कात्रीनं नुसता चीर द्यायचा आणि हातानं ओढायचं, पट्टी सरळ फाटते. पंधराएक पट्ट्या होतात. पट्टीला पट्टी जोडताना शिवायचं नाही. दोन्ही टोकांना अर्ध्या इंचावर चीर पाडून एकात एक ओवायची, गाठीचा गोळा येत नाही. तीन पदरांची वेणी घालायची, शाळेतल्या पोरीच्या वेणीइतकी घट्ट, त्याहून जास्त नको. तीन पदर एकाच जागी जोडले गेले तर तिथे वेणीला फुगवटा येतो, म्हणून सुरुवातीलाच एक पट्टी आखूड, एक मध्यम, एक लांब घ्यायची. वीसेक मीटर वेणी हाताशी येते, तिचं दोन-सव्वादोन फुटांचं गोल पायपुसणं होतं.

गोल फिरवत शिवायला दाभण आणि पोत्याचा दोरा, वीसेक पोत्यांचा. दाभण वेणीच्या आरपार घालायचा नाही, या वेढ्याची एक कडी आणि शेजारच्या वेढ्याची एक कडी, असं मधून ओवत जायचं. बिघडतं ते इथेच. वेणी ओढून शिवली की पायपुसणं वाटीसारखं वर उचलतं. सैल सोडली की काठाला पापडासारख्या लाटा येतात. पहिले चार वेढे सैल हातानं, जवळजवळ वेणी आत ढकलत शिवायचे, पुढे नुसती सपाट ठेवून. आणि सगळं काम जमिनीवर ठेवून, मांडीवर नाही. मांडी गोल असते, तिच्यावर वाटीच तयार होते. लांबट हवं असेल तर लांबीतून रुंदी वजा करायची. तीन फूट बाय दोन फूट करायचं तर सुरुवातीची सरळ वेणी एक फुटाची.

टाइल्सवर ते घसरतं. सारवलेल्या जमिनीवर घसरत नाही, पण तिथे रोज उचलून झटकावं लागतं. आठवडाभर एकाच जागी राहिलं की खालून ओल धरते आणि मग वाळवी येते. एवढं वीस पोत्यांचं काम वाळवी दोन रात्रीत संपवते.

उरलेल्या दोऱ्याचं शिंकं. दूधदुभतं मांजरापासून वाचवायला आता फ्रीज आहे, म्हणून शिंक्यात झाड ठेवायचं. त्याला पॉलिस्टरचाच दोरा घ्यावा. झाडाला पाणी घातलं की खालची गाठ कायम ओली, सुताचा दोरा एका पावसाळ्यात तिथेच तुटतो आणि डबा थेट पायावर. तीन पदर वळून दोन मीटरचे चार दोर करायचे, म्हणजे बारा पोती. चारही मधोमध दुमडून एका कडीत अडकवले की आठ पदर लोंबतात. दोन-दोनच्या चार जोड्या. वरून चाळीस सेंटिमीटरवर प्रत्येक जोडीला गाठ. मग या जोडीतला एक आणि शेजारच्या जोडीतला एक घेऊन आठ-नऊ सेंटिमीटर खाली पुन्हा गाठी, चारही बाजूंनी. त्याखाली आणखी तेवढंच अंतर सोडून आठही पदरांची एकच जाड गाठ. लिटरभराच्या टिनाच्या डब्याला हे माप बसतं. गाठी एका उंचीवर आल्या नाहीत तर डबा कलतो आणि पाणी एकाच बाजूनं गळत राहतं. सगळं बांधून मग मापायचं असं करू नये, पुठ्ठ्यावर खुणा करून एकेक गाठ त्या खुणेशी आणावी. डब्याच्या तळाला खिळ्यानं चार भोकं, आतून बाहेर ठोकलेली. बाहेरून ठोकली तर कडा आत वळतात आणि तळाशी पाणी साचतं. पंधरा किलोचा तेलाचा डबा टांगायचा विचारही करू नये, माती भरल्यावर तो वीस किलोच्या वर जातो.

डबा नसला की नजर जाते ती कोपऱ्यातल्या फवारणीच्या औषधाच्या बाटल्यांकडे. जाड प्लास्टिक, सुबक आकार, घट्ट झाकण. तळ कापून उलटी टांगली तर कुंडी, मान कापली तर कंदिलाचा भास. वावरातल्या खोपीत अशा किती पडलेल्या असतात. लेबलवर त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल सगळ्यात जहाल. पण हिरवाही औषधाचाच.

ती बाटली घरात आणायची नाही. धुऊन नाही, उकळून नाही, राखेनं घासून नाही. औषध प्लास्टिकच्या अंगात मुरतं आणि धुण्यानं निघत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या बाटल्या काही वेगळ्या नव्हत्या, याच खोपीत असतात तशाच होत्या. बाटली रिकामी झाली की पाव भरून पाणी घालायचं, झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचं, ते पाणी पंपातच ओतायचं. असं तीन वेळा. मग सळईनं तळाला आणि पोटाला भोकं पाडायची, म्हणजे कुणी उचलून नेलं तरी उपयोग नाही. जाळायची नाही. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही रिकामी वेष्टनं फोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगितलं आहे.

आणि झाकण खिशात टाकायचं नाही. घरी पोरं असतात. चार झाकणं आणि तुराटीच्या दोन काड्या मिळाल्या की ती गाडी करतात. लाल त्रिकोणाच्या बाटलीचं झाकणही चाकासारखंच फिरतं, आणि गाडी ओढायला दोरा तर खुंटीवर असतोच.